पवारबाई आणि न वाचलेली चिठ्ठी

पवारबाईंच्या पर्समध्ये बाकी काही असो नसो, कंगवा असायचाच. लाल, बारीक दात्यांचा, मुठीत मावेल एवढा. मधली सुट्टी झाली की आम्ही सगळ्या डबे उघडायला धावायचो आणि ही बया आधी स्टाफरूमच्या कपाटाच्या काचेसमोर उभी. तेल लावून चापून बसवलेले केस, त्यातला एक हलला असेल तर शपथ! तरी पुन्हा भांग, पुन्हा वेणी, पुन्हा पिना. मी ओरडायचे, "अगं यमुना, कुणी बघायला येणारे का तुला? भाकरी गार झाली!" काचेतूनच उत्तर यायचं, "भाकरी कुठं पळून जातेय, मॅडम?"

"कुठं पळून जातंय?" हे तिचं पालुपद. पोर्शन राहिलाय, मिटिंगला उशीर झालाय, हेडसर बोंबलतायत, कशाचंही टेन्शन नाही. आणि गंमत म्हणजे हिचाच पोर्शन सगळ्यांच्या आधी संपायचा.

आमची शाळा पनवेलजवळ कामोठ्याची, खाजगी संस्थेची. मी मराठी शिकवते, ती विज्ञान शिकवायची. अकरा वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. दुसऱ्याच वर्षी मी तिला 'अगं-तुगं' करायला लागले. ती मात्र शेवटपर्यंत "माने मॅडम, तुम्ही" यावरून हलली नाही. मला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव.

एकदा पावसाळ्यात बायकांच्या टॉयलेटमध्ये साप निघाला. शाळेच्या मागे खाडीकडची पाणथळ जागा, तिथून आला असणार. काय तो गोंधळ! पीटीचे सर, एवढा आडदांड माणूस, बाकावर चढून "सर्पमित्राला फोन करा" म्हणून किंचाळत होते. पवारबाई वर्गातून आली, हातात डस्टर, वाकून बघितलं आणि म्हणाली, "दिवड आहे हो. पाण्यातली. विष नसतं हिला." मग पदर खोचला, फूटपट्टीनं डोकं दाबलं, मानेमागं धरलं आणि भाजीची जुडी न्यावी तशी ती दिवड घेऊन कंपाउंडबाहेर सोडून आली. हात धुतले, पुन्हा वर्गावर.

"कुठं शिकलात हो हे?" पीटीचे सर बाकावरून उतरत म्हणाले.

"वडिलांकडून."

"शेती का?"

"नाही. जंगलातलं काम होतं त्यांचं."

फॉरेस्ट खात्यात असतील, असं आम्ही ठरवून टाकलं. आडनाव पवार, वडील जंगलात कामाला, म्हणजे फॉरेस्टर. तिनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

डब्यात नाचणीची भाकरी आणि सुकट. ती सुकट अशी, की घरी मासळीचं नाव न काढणाऱ्या बायकाही "एक घास, एक घास" म्हणत तिचा अर्धा डबा साफ करायच्या. पावसात मैदानाच्या कडेचा टाकळा खुडून ती टेबलावर जुडी ठेवायची. वॉचमन हसायचा. ती म्हणायची, "हसा. बाजारात हाच तुम्ही विकत घ्याल."

आता पेटीचं सांगते. म्हणजे खरं तर माझंच सांगावं लागणार.

आमच्या स्नेहसंमेलनात शेलापागोटी असतात. पोरं त्याला फिशपाँड म्हणतात. आठवडाभर ऑफिसबाहेर एक पेटी ठेवायची, पोरांनी निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाची फिरकी, कुणाला टोमणा, आणि संमेलनाच्या दिवशी दुपारी त्या स्टेजवरून वाचायच्या. वाचणारी मी. माझ्या जिभेला हाड नाही, ही ख्याती होतीच. शिवाय प्रत्येक चिठ्ठीनंतर मी आपला एक टोला हाणायचे आणि चिठ्ठीपेक्षा टोल्याला हशा जास्त पडायचा. पेटी सांभाळायची पवारबाईनं. बुटांच्या खोक्याला दरवर्षी नवा रंगीत कागद चिकटवायची आणि स्टेजवर माझ्या शेजारी बसून एकेक चिठ्ठी उलगडून, तळहातानं सपाट करून माझ्या हातात द्यायची.

एका वर्षी एक चिठ्ठी आली: "साहेबांच्या गाडीला रोज आंघोळ, आमच्या संडासाला पाण्याचा थेंब नाही." साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, समोर पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेले! मी वाचली. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी फर्मान काढलं, यापुढे चिठ्ठ्या आधी ऑफिसात तपासून मगच वाचायच्या. माझं डोकंच फिरलं. मी शिक्षकसभेत तासभर भांडले. "वर्षातून एक दिवस पोरं तोंड उघडतात, त्यालाही कात्री? मग शाळा कशाला चालवता, कोंडवाडा चालवा!" शेवटी ठराव झाला, आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचायची, कात्री लावायची नाही. ठरावाला अनुमोदन पवारबाईचं. आणि महिन्याभरात संडासाला पाणी आलं, हेही खरं.

त्या ठरावाचा मला इतका गर्व होता, की विचारू नका. मी वर्गात सांगायचे, बोलणाऱ्याचं तोंड कधी दाबायचं नसतं, शब्दानं कुणाला खरचटत नाही. आणि म्हणायचे, "बघा, माझ्यावर दरवर्षी किती गोड चिठ्ठ्या येतात. मोकळं बोलणाऱ्याशी पोरंही मोकळी वागतात." पवारबाई समोर वह्या तपासत असायची.

मग मोऱ्याचा दिवस. आमच्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न उरणला होतं. तिथून मला माझगावला बहिणीकडं जायचं होतं, म्हटलं लाँचनं जाऊ. पवारबाई उरणच्या मोरा बंदरावर, जेट्टीपर्यंत सोबत आली. ओहोटी लागलेली, गाळ उघडा पडलेला, लाँच काही लागेना. दोन तास बसलो आम्ही कठड्यावर. समोर कोळणी जाळी झटकत होत्या. त्या दोन तासांत मला काय झालं कोण जाणे, मी तिला माझं सगळं सांगितलं. शाळेत सगळ्यांना माहीत होतं, की माझे मिस्टर दुबईला असतात. दुबई कसली! लग्नानंतर आठव्या महिन्यात मला माहेरी फलटणला सोडून गेला, तो परत आलाच नाही. पुण्यात दुसरीबरोबर राहतो. मंगळसूत्र मी लोकांच्या तोंडासाठी घालते. हे बोलले आणि भडाभडा रडले.

तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, "मॅडम, मी पवार म्हणजे कोण समजता तुम्ही?"

"कोण म्हणजे? मराठा ना?"

"कातकरी. पेणच्या डोंगरात आमची वाडी. आमच्यातही पवार असतात."

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेण-उरण-पनवेलच्या डोंगरांत कातकरी आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहतात आणि आमच्या सगळ्या पट्ट्यात त्यांचं नाव शिवीसारखं वापरतात. पोर मळकं दिसलं की आई म्हणते, "काय कातकऱ्यासारखा आलास!" मीही म्हटलंय. दहा वेळा म्हटलंय. तिच्यासमोरही म्हटलं असेल, आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच जास्त लाज वाटते.

ती सांगत होती. तिसरीत असताना गुरुजींनी तिला दारातच उभं केलं होतं. "ए कातकरणी, डोकं विंचरून ये, नाहीतर वर्गात पाय ठेवू नको." घरात कंगवा नव्हता. पावसाळ्याचे दिवस, आई खेकडे पकडून पेणमध्ये दारोदार विकायची. त्या दिवशी ही पण बरोबर गेली. एका घरच्या बाईनं खेकडे निवडून घेतले, तर आई म्हणाली, पैसे नको, घरात जुना कंगवा असला तर द्या. चार खेकड्यांचा कंगवा. तोच हा लाल.

"कुणाला सांगू नका हं," ती म्हणाली. "लाज वाटते म्हणून नाही. पण एकदा कळलं की मग मी काहीही केलं तरी तेच दिसत राहतं लोकांना."

मी तिचा हात धरून म्हटलं, "माझ्या पोटात राहील." बघा, काय भारी वाक्य!

पुढं दोन वर्षांनी संमेलनाच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात गेले, तर पवारबाई पेटी उघडून बसलेली. चिठ्ठ्या वाचत होती आणि मधूनच एखादी कमरेला खोचत होती. म्हणजे इतकी वर्षं ही गुपचूप कात्री लावत होती!

"यमुना! ठरावाला अनुमोदन तुझंच ना? कुणी नेमलं तुला?"

"काही काही नको वाटतात, मॅडम. एखाद्या तोतऱ्या पोरावर असतात, एखाद्या काळ्या पोरीवर. साहेबांवरची एकही काढली नाही मी कधी."

"तू कोण ठरवणार? आज तू काढतेस, उद्या हेडसर काढतील! एकही चिठ्ठी मागं ठेवायची नाही. एकही!"

तिनं कमरेच्या चिठ्ठ्या काढून पेटीत टाकल्या, झाकण लावलं आणि पेटी माझ्यापुढं सरकवली. "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव खच्चून भरलेला. मी फॉर्मात. ती शेजारी, चिठ्ठी उलगडून, सपाट करून देतेय. आठ-दहा झाल्या असतील आणि एक चिठ्ठी हातात आली. आमच्या चित्रकलेच्या कदम सरांवर. त्यांचे केस नेहमी झिंज्यांसारखे वाढलेले. लिहिलं होतं: "कदम सर, जरा केस विंचरा. वॉचमन विचारतोय, कातकरी आत कसा आला?"

माइकवर वाचणाऱ्याची नजर तोंडाच्या पुढं धावत असते. पहिलं वाक्य वाचताना मला दुसरं दिसलेलं होतं. एक श्वास घेण्याइतका वेळ होता. गाळता आलं असतं, 'वॉचमन ओळखत नाही' असं काहीही म्हणता आलं असतं, मला काय सुचत नाही का? पण समोर पोरं हसायच्या तयारीत होती आणि मला हशा हवा होता. वाचलं. हशा पडला. आणि त्यावर मी माझा टोला हाणला, "सर, येताना चार खेकडे तरी आणायचे!"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. कदम सरही हसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हे खेकडे माझ्या तोंडात आले कुठून? तिनंच मोऱ्याला दिलेले. चार हा आकडासुद्धा तिचा.

मी शेजारी बघितलं नाही. पुढच्या चिठ्ठीसाठी हात केला. तिनं उलगडून, सपाट करून दिली.

पाहुण्यांत एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी जाताना हेडसरांना बाजूला घेऊन सांगितलं, हे प्रकरण ॲट्रॉसिटीखाली पोलिसात जाऊ शकतं, वाचणाऱ्या बाईंची नोकरी जाईल. हेडसरांना तर आयतंच सापडलं. दुसऱ्या दिवशी सभा. पेटी कायमची बंद, माने मॅडमनी लेखी खुलासा द्यावा.

मी उसळले. तोंड वर करून पुन्हा तेच भाषण. पोरांचा आवाज, पाण्याची चिठ्ठी, आज एक शब्द बंद कराल, उद्या सगळेच. त्यातलं अर्धं खरं होतं, आजही मी म्हणेन खरं होतं. पण कुणी मान डोलवेना. नोकरी जाते की काय या भीतीनं मी म्हटलं, "कुणाला लागलं, सांगा ना! आपल्या पवारबाई स्वतः कातकरी आहेत. विचारा त्यांना! त्यांना काही वाटलं का?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं. ती वह्या तपासत होती. पेनला टोपण लावलं. माझ्याकडं एकदा बघितलं, रागानं नाही, ओळख पटवून घ्यावी तसं.

"मला काही झालं नाही," ती म्हणाली. "माझी तक्रार नाही. पेटी बंद करू नका, सर. त्या पेटीमुळं पोरांना पाणी मिळालंय." मग वही पुढं ओढत, "एवढंच, की चिठ्ठीखाली नाव नसतं. वाचणाऱ्याला असतं."

पेटी वाचली. माझी नोकरी वाचली. जिन्यात मी तिला गाठून म्हटलं, "अगं, ते तुझ्याबद्दल नव्हतं गं." ती म्हणाली, "माहीत आहे."

आणि एक राहिलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच दुपारी, त्या चिठ्ठीच्या दोनच चिठ्ठ्या आधी, माझ्यावरची एक आली होती. "माने मॅडम, दुबईहून खजूर कधी येणार? का नवऱ्यानं टाकलेल्यांना खजूर मिळत नाहीत?" कामोठ्यात काय लपतंय! मी ती घडी घालून ब्लाउजमध्ये सरकवली आणि माइकवर म्हटलं, "ही वाचता येत नाही, अक्षर कोंबडीचे पाय आहे." पोरं हसली. म्हणजे कात्री लावायची नाही म्हणणाऱ्या बाईनं स्वतःपुरती कात्री लावली, आणि दोन मिनिटांनी दुसरीच्या अंगावर सगळं ओतलं. चिठ्ठी पवारबाईनंच उलगडून दिली होती. तिनं वाचली होती. सभेत ती एक वाक्य बोलली असती तर मी तिथंच मेले असते. बोलली नाही.

पुढं स्टाफरूम बदलली. कुणी वाईट बोललं नाही हं! उलट एकीनं लाडानं म्हटलं, "वाटत नाही हो बाई तुम्ही!" सुकट उरायला लागली. ज्या बायका तिचा डबा ओरबाडायच्या, त्यांना एकदम उपास लागले, आठवड्यातून तीन-तीन. हेडसर प्रत्येक कार्यक्रमाला म्हणायचे, "पवारबाई, तुमच्याकडचा एखादा नाच बसवा की." विज्ञानाच्या बाईला! ती म्हणायची, "बघू." उरलेली सुकट झाकण लावून घरी न्यायची. मी तेवढी रोज एक घास घ्यायचे आणि तो घास गळ्याखाली उतरताना मला फार मोठं काही केल्यासारखं वाटायचं.

मे महिन्यात तिनं राजीनामा दिला. पेणकडच्या एका आश्रमशाळेत लागली. निरोपसमारंभात भाषण कुणी केलं असेल? मीच! टाळ्या पडल्या. माफी तेवढी त्या भाषणात कुठं नव्हती.

दोन वर्षं मी फोन उचलायचे आणि ठेवायचे. शेवटी परवा जानेवारीत केला. ती सहज म्हणाली, "शनिवारी सकाळी पोरांना घेऊन मुंबईला चाललेय, मोऱ्यावरून. तिथंच या ना."

गेले. भरती होती, लाँच धक्क्याला लागलेली. तीसेक पोरंपोरी, एकमेकांचे हात धरून ओळीत. ती मधे उभी राहून एकेकाला नावानं हाक मारत होती. मला बघून हसली. "या मॅडम! पोरांनो, ह्या माने मॅडम. मराठी शिकवतात. फार छान वाचतात."

टोमणा होता का? तिच्या चेहऱ्यावर तरी नव्हता. एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "मग वाचा ना बाई कायतरी!"

पोरं लाँचमध्ये चढायला लागली तशी मी तिला बाजूला घेतलं. "यमुना, त्या दिवशी मी एक चिठ्ठी वाचली नव्हती."

"माहीत आहे. मीच दिली ना हातात."

"बोलली का नाहीस सभेत?"

"मोऱ्याला सांगितलेलं होतंत ना तुम्ही मला. ते कसं बोलणार?" पोरांवरची नजर न काढता ती म्हणाली, "तशा दरवर्षी यायच्या, मॅडम. दोन-तीन तरी. मी काढून टाकायचे. त्या वर्षी तुम्ही म्हणालात, एकही मागं ठेवायची नाही."

दरवर्षी. म्हणजे ज्या गोड चिठ्ठ्यांचा मी वर्गात डंका पिटायचे, त्या हिनं निवडून दिलेल्या होत्या.

"पण का काढायचीस गं?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, असं तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला लागलं असतं ना."

लाँचवाल्यानं हाक दिली. ती शेवटच्या पोरीला धरून फळीवरून आत गेली. इंजिन सुरू होईपर्यंत बराच वेळ होता, दोरी सोडेपर्यंतही होता. 'चुकलं माझं' एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. अख्ख्या मांडवापुढं कायपण वाचणारी बाई मी, माइक नव्हता तरी धक्क्यावरून सहज ऐकू गेलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते "सांभाळून जा गं!"

तिनं मान हलवली. खाडीचा वारा सुटला होता आणि तिची वेणी पार विस्कटली होती. तिचे दोन्ही हात पोरांच्या हातात होते, कंगव्यासाठी एकही मोकळा नव्हता, आणि तिला त्याची आठवणही दिसत नव्हती. लाँच दिसेनाशी होईपर्यंत मी ते केस बघत उभी राहिले.